कुत्र्याचा पट्टा, दोन पेपर आणि माझी दहा मिनिटं

गेल्या जूनमध्ये मामाचा फोन आला. मामा खडकपाड्याला राहतो. त्याच्याकडे ब्रुनो नावाचा अडीच वर्षांचा लॅब्राडोर आहे. घरात अगदी गरीब गाय, पण सकाळी गांधारी पुलाकडे फिरायला नेला आणि रस्त्यावरचं दुसरं कुत्रं दिसलं की असा ओढतो की मामा दोनदा पडता पडता वाचलाय. कुणा ट्रेनरने त्याला सांगितलं होतं, "रिमोटचा पट्टा घ्या, आठ दिवसांत सरळ होईल." मामाचं म्हणणं साधं होतं. "तू पीएचडी करतेस ना? मग बघून सांग, यावर काही संशोधन झालंय का."

माझा विषय इलेक्ट्रोकेमिस्ट्री. कुत्र्यांच्या वर्तनाशी माझा संबंध इतकाच की आमच्या कोळसेवाडीच्या गल्लीतली चार कुत्री रात्री मला घरापर्यंत सोडायला येतात. पण "मला यातलं कळत नाही" असं मामाला सांगणं जमलं नाही. दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये उभ्याने, कल्याण सुटल्यापासून ठाणे येण्याच्या आत, मी एक पेपर शोधला, त्याचा सारांश वाचला आणि मामाला मेसेज केला: "हो, चालतं असं दिसतंय. 2024 चा पेपर आहे. जपून वापर."

मामाने पट्टा मागवला. जुलैत, भर पावसात, ब्रुनोला फिरवताना त्याने दोन-तीनदा बटण दाबलं. ब्रुनो केकाटला आणि जागीच बसला. त्यानंतर जवळजवळ दोन महिने तो तो पट्टा पाहिला की लिफ्टच्या दाराशी फतकल मारून बसायचा, आणि लांबवर कुत्रं दिसलं की आधी ओढायचा, आता भुंकायला लागला. मामा मला काही बोलला नाही. ते जास्त लागलं.

म्हणून ही पोस्ट. तुमच्यातले बरेच जण पेटची तयारी करताय, काहींचं रिसर्च प्रपोजल चाललंय. "पेपर वाचायचा कसा" यावर मी आधीही लिहिलंय, पण तेव्हा उदाहरणं माझ्या विषयातली होती आणि माझं त्यात काही गेलेलं नव्हतं. या वेळी मी तो पेपर नीट वाचला, त्याच्या विरुद्ध निष्कर्षाचाही वाचला, आणि दोन्हींची चिकित्सा करतेय. मी या क्षेत्राबाहेरची आहे हे लक्षात ठेवूनच वाचा.

पहिला पेपर: लिंकनचा

2020 मध्ये 'फ्रंटियर्स इन व्हेटरनरी सायन्स'मध्ये चायना, मिल्स आणि कूपर यांचा पेपर आला. तिघंही इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाचे. एकूण 63 कुत्री, 21-21 चे तीन गट. सगळी अशी की मोकळं सोडल्यावर मालकाने हाक मारली तर येत नाहीत. पहिल्या गटाला इलेक्ट्रॉनिक कॉलर वापरून शिकवलं. शिकवणारे ट्रेनर कॉलर बनवणाऱ्यांनीच सुचवलेले. दुसऱ्या गटाला त्याच ट्रेनरनी, पण करंट न वापरता. तिसऱ्या गटाला वेगळ्या ट्रेनरनी, मुख्यतः खाऊ आणि शाबासकी देऊन, म्हणजे ज्याला आपण पॉझिटिव्ह रीइन्फोर्समेंट म्हणतो त्या पद्धतीने. पाच दिवसांत मिळून जास्तीत जास्त 150 मिनिटं.

या रचनेतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे मधला गट. तो नसता तर कॉलरच्या गटात आणि खाऊच्या गटात जो फरक दिसला तो पट्ट्याचा की माणसाचा, हे सांगताच आलं नसतं. तुम्ही कंट्रोल ग्रुप ठरवता तेव्हा हा पेपर डोळ्यासमोर ठेवा: "काहीच न केलेला गट" हा नेहमी योग्य कंट्रोल नसतो, बऱ्याचदा "तेच हात, वेगळं हत्यार" हा जास्त चांगला असतो. आणि ट्रेनर उत्पादकांनीच सुचवलेले असल्याने "तुम्ही कॉलर चुकीची वापरली" हा हमखास येणारा आक्षेपही लेखकांनी आधीच बंद करून टाकलाय.

निकाल काय? 'ये' आणि 'बस' या दोन आज्ञांना एकाच हाकेत प्रतिसाद देण्यात खाऊवाला गट सरस ठरला. कॉलरवाल्या गटापेक्षा ही कुत्री लवकरही प्रतिसाद देत होती. यावरून लेखक म्हणतात की कॉलर गरजेची आहे याला पुरावा नाही, अगदी जिच्यासाठी ती सर्वांत जास्त सुचवली जाते त्या कामासाठीही नाही.

आता जरा थांबा. याच सारांशात आणखी एक वाक्य आहे, जे बातम्यांमध्ये येत नाही: आज्ञा न पाळण्याच्या प्रमाणात तिन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे खाऊवाली कुत्री चटकन ऐकत होती, कमी हाकांत ऐकत होती, पण "शेवटी ऐकलंच नाही" याचं प्रमाण तिन्हीकडे वेगळं काढता आलं नाही. पेपर याचा उपयोग "कॉलरने अवज्ञा कमी होत नाही" असं म्हणायला करतो आणि तो बरोबर आहे. पण तेच वाक्य उलट बाजूनेही वाचता येतं, आणि कॉलरवाले ते तसंच वाचतात. शिवाय लक्षणीय फरक न सापडणं म्हणजे फरक नसणं नव्हे. 21-21 कुत्र्यांत लहानसा फरक सापडणारही नाही. हे सगळ्यांना पाठ असतं, पेपर वाचताना मात्र कुणाला आठवत नाही. मलाही नाही आठवलं.

माझा मोठा आक्षेप मात्र दुसराच आहे. इथे मोजलंय काय? प्रशिक्षण चालू असताना 'ये' आणि 'बस' म्हटल्यावर कुत्र्याने काय केलं, ते. आणि कॉलर "जिच्यासाठी सर्वांत जास्त सुचवली जाते" ते काम कोणतं? मोकळ्या कुरणात मेंढ्यांमागे सुसाट सुटलेलं कुत्रं परत बोलावणं. ट्रेनरजवळ 'बस' म्हटल्यावर किती सेकंदांत बसलं यावरून सुटलेल्या कुत्र्याबद्दल बोलणं ही उडी आहे. ती कदाचित बरोबर पडत असेल, पण पेपरमध्ये ती मोजलेली नाही. सार्गिसन आणि मॅक्लीन यांची या पेपरवरची टीका 2021 मध्ये त्याच जर्नलमध्ये छापून आली. तीही मिळवून वाचा, सोबत तुमचे आक्षेप आधी लिहून ठेवा आणि मग ताडून बघा. जर्नल क्लबसाठी यासारखा गृहपाठ नाही.

अजून एक खोच. याच 63 कुत्र्यांवरचा कूपर आणि सहकाऱ्यांचा पेपर 2014 मध्ये 'प्लॉस वन'मध्ये येऊन गेला होता. त्यात भर कुत्र्यांच्या ताणावर होता: कॉलरच्या गटातली कुत्री जास्त वेळ ताठरलेली दिसली, जास्त जांभया देत होती (कुत्र्यांत जांभई हे अस्वस्थतेचं लक्षण धरतात), आजूबाजूचं हुंगणं-बघणं त्यांनी कमी केलं. मात्र लघवीतल्या कॉर्टिकोस्टेरॉइडमध्ये गटागटांत फरक निघाला नाही. आणि मालकांना विचारलं तेव्हा 92 टक्क्यांनी सांगितलं की कुत्रं सुधारलं. तिन्ही गटांत मिळून 92. कोणत्या पद्धतीचे मालक जास्त खूश, यात लक्षणीय फरक नाही.

या 92 टक्क्यांवर माझा फार जीव आहे. "आमच्याकडे तर पट्ट्याने फरक पडला हो" असं जे कुणी सांगतं, ते खोटं नसतं. फरक पडतो. तो खाऊनेही पडला असता, हे त्यांना कळायला मार्ग नाही, कारण त्यांच्याकडे कुत्रं एकच. आणि थीसिससाठी एक सूचना: साहित्य समीक्षेत 2014 आणि 2020 हे "दोन अभ्यास" म्हणून मोजू नका. पेपर दोन आहेत, कुत्री तीच आहेत. परीक्षक हे पकडतात.

दुसरा पेपर: अ‍ॅरिझोनाचा, जो मी मामाला पाठवला

जॉन्सन आणि विन, अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटी, 2024, 'अ‍ॅनिमल्स' जर्नल. इथे प्रश्नच थेट होता: वेगाने पळणाऱ्या वस्तूमागे कुत्रं धावतं, ते थांबवायचं. मैदानात दोरीवर पळणारं एक आमिष. 19 कुत्री, चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक पद्धतीने तीन गटांत. एक कॉलरचा गट, दुसरा त्याच ट्रेनरकडून खाऊने शिकवलेला, तिसरा फक्त खाऊने शिकवणाऱ्या ट्रेनरकडचा. म्हणजे लिंकनचीच तीन पायांची तिवई, पण वर ठेवलेलं भांडं वेगळं. पाच दिवस, दिवसाला जास्तीत जास्त दोन सत्रं.

निकाल चक्क काळा-पांढरा. जिथे शिकवलं त्या मैदानात कॉलरच्या गटातल्या सगळ्या कुत्र्यांनी पाठलाग सोडला. खाऊच्या दोन्ही गटांतल्या एकानेही सोडला नाही. नव्या मैदानात नेल्यावरही कॉलरच्या गटातली बहुतेक कुत्री करंट न देता थांबली. मी लोकलमध्ये एवढंच वाचलं आणि मेसेज टाइप केला. ठाणे यायचं होतं.

पुढची वाक्यं अशी आहेत: शॉक बसल्यावर कॉलरच्या गटातली कुत्री केकाटली, म्हणजे त्यांना दुखलं असावं. त्याखेरीज ताणाची दुसरी लक्षणं, वागण्यातही आणि विष्ठेतल्या संप्रेरकांतही, आढळली नाहीत. आणि हे निरीक्षण थोड्याच काळापुरतं होतं, हे लक्षात घ्यावं. लेखकांनी काही लपवलेलं नाही. ही शेवटची ओळ सारांशातच आहे, मीच तिथवर पोचले नाही.

लोक या पेपरवर पहिला आक्षेप घेतात तो "फक्त 19 कुत्री" हा. हा आक्षेप अर्धाच बरोबर आहे, आणि कोणता अर्धा हे समजून घेणं संशोधकाला फार उपयोगी आहे. सोयीसाठी समजा एका गटात सहा आणि दुसऱ्या गटात सहा कुत्री आहेत, आणि एका गटातली सहाच्या सहा थांबली, दुसऱ्यातलं एकही नाही. हे निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता किती? बारातून सहा निवडायचे प्रकार 924. दोन्ही बाजूंची टोकं धरली तर 924 मध्ये 2, म्हणजे 0.2 टक्के. परिणाम इतका धडधडीत असेल तर सहा-सहा कुत्रीही पुरतात. "नमुना लहान आहे" असं सरसकट लिहून मोकळं होणारा परीक्षक आळशी असतो.

पण आता तीच सहा कुत्री घेऊन दुसरा प्रश्न विचारा: या पट्ट्याने एखादं कुत्रं कायमचं भेदरण्याची शक्यता किती? समजा सहापैकी एकही भेदरलं नाही. यावरून धोका शून्य ठरतो का? हिशेब करा: सहात शून्य आलं तरी खरा धोका 39 टक्क्यांपर्यंत असू शकतो, आणि 95 टक्के विश्वासाच्या मर्यादेत तो बसतो. (0.05 चं सहावं मूळ सुमारे 0.61, ते एकातून वजा करा.) जी संख्या "उपयोग होतो" सांगायला पुरली, तीच संख्या "अपाय होत नाही" सांगायला मुळीच पुरत नाही. औषधांच्या चाचण्यांत हे रोजचं आहे. मी मामाला पाठवलेल्या मेसेजमध्ये "चालतं" या एका शब्दात हे दोन्ही प्रश्न कोंबले होते.

आणि खाऊच्या गटांवर हा पेपर थोडा अन्याय करतो असं माझं मत आहे. पळणाऱ्या आमिषामागे धावणं हेच कुत्र्यासाठी मोठं बक्षीस आहे. त्याला पाच दिवसांत बिस्किटाने मागे टाकायचं, ही स्पर्धा कॉलरच्या सोयीच्या वेळापत्रकावर लावलेली आहे. खाऊने शिकवणारे कोणतेही ट्रेनर लांब दोरीवर, लांबूनच, आठवडेच्या आठवडे सराव घेतात. म्हणून "पाच दिवसांत खाऊने झालं नाही" हे खरं, "खाऊने होत नाही" हे सिद्ध नाही. लिंकनवाल्यांनी एका बाजूला उडी मारली, आणि अ‍ॅरिझोनाचा पेपर फिरवणारे लोक दुसऱ्या बाजूला मारतात. अ‍ॅरिझोनाच्या लेखकांपेक्षा त्याच्या वाचकांचा दोष जास्त, आणि त्या वाचकांत मी होते.

मग दोन पेपर एकमेकांना खोटं पाडतात का? नाही. एकाने विचारलं, हाकेला लवकर ओ देतं का? दुसऱ्याने विचारलं, धावायचं थांबतं का? आणि मामाचा प्रश्न तिसराच होता: दोरीला बांधलेला लॅब्राडोर, अरुंद फुटपाथ, समोर रस्त्यावरचं कुत्रं, बाजूने रिक्षा. ना मेंढी, ना मैदान, ना मोकळं सोडणं. कल्याणात कुत्रं मोकळं सोडतोय कोण? दोन्ही पेपर मामाच्या प्रश्नाला लागूच होत नव्हते.

मामाच्या प्रश्नाच्या जवळ जाणारे दोन जुने अभ्यास मला नंतर सापडले. शाल्के आणि सहकाऱ्यांचा 2007 चा, हॅनोव्हरचा: प्रयोगशाळेतली 14 बीगल. काहींना खोट्या सशाला तोंड लावल्याच्या क्षणीच शॉक, काहींना हाक न ऐकल्यावर, काहींना कधीही, कशाहीसाठी. लाळेतलं कॉर्टिसॉल वाढलं ते मुख्यतः दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात. शॉक कशाबद्दल बसला हे ज्यांना स्वच्छ कळलं, त्यांच्यात तितकं नाही. गटात चार-पाच कुत्री, तीही प्रयोगशाळेतली, म्हणजे आकड्यांवर भार टाकू नका, पण प्रश्न अचूक आहे. आणि शिल्डर व व्हॅन डर बोर्ग यांचा 2004 चा: राखणीसाठी तयार होणारे जर्मन शेफर्ड. शॉक खाल्लेली कुत्री नंतर बागेत नुसती फिरतानाही, मालक सोबत असताना, जास्त दबलेली दिसली. लेखकांचा अर्थ असा की त्यांच्यासाठी मालकाचं जवळ असणं हेच शॉकची सूचना बनलं होतं. तुलनेची कुत्रीही काही लाडात वाढलेली नव्हती, तीही कडक शिस्तीतलीच होती.

आता गांधारीचा रस्ता आठवा. एका हातात दोरी, दुसऱ्या हातात छत्री, रिमोट खिशात. मामा खिशात हात घालून बटण शोधेपर्यंत ब्रुनोने ओढणं थांबवलेलंही असेल, किंवा समोरच्या कुत्र्याने शेपूट हलवली असेल. ब्रुनोने शॉकची सांगड कशाशी घातली? त्याचं वागणं बघता समोरच्या कुत्र्याशी, आणि थोडीशी मामाशी.

लेव्हल 40 म्हणजे किती?

इथे माझा विषय कामाला आला. मामाच्या पट्ट्यावर 1 ते 100 लेव्हल आहेत. माहितीपत्रकात एककाचा पत्ता नाही. इंपीडन्स मोजणं हे माझं रोजचं डाळ-भात असल्याने ते बघून मला कसंसंच झालं.

लाइन्स, व्हॅन ड्रील आणि कूपर यांनी 2013 मध्ये 'व्हेटरनरी रेकॉर्ड'मध्ये बाजारातल्या कॉलरच मोजून काढल्या. माझ्या मते या सगळ्या साहित्यातलं हे सर्वांत कमी वाचलं गेलेलं आणि सर्वांत उपयोगी काम. त्यांनी काढलं की कुत्र्याच्या मानेची जागा घ्यायला ओल्या कुत्र्यासाठी 10 किलोओहम आणि कोरड्या कुत्र्यासाठी 600 किलोओहमचा रोध धरावा. साठपट फरक, फक्त अंग ओलं की कोरडं यावर. कॉलरचं कमाल व्होल्टेज 500 किलोओहमला 6000 व्होल्टपर्यंत जातं, आणि 5 किलोओहमला 100 व्होल्टपर्यंत खाली येतं. सर्वोच्च व्होल्टेज टिकतं सेकंदाच्या काही दशलक्षांश भागापुरतं. म्हणून "सहा हजार व्होल्ट!" असं कुणी ओरडलं तर घाबरू नका, आणि "पावसात व्होल्टेज कमी होतं, म्हणजे सुरक्षित" असं कुणी म्हटलं तर विश्वासही ठेवू नका. भागाकार करा: 6000 भागिले 500 किलोओहम, 12 मिलिअँपिअर. 100 भागिले 5 किलोओहम, 20 मिलिअँपिअर. ही दोन टोकं एकाच पट्ट्याची आहेत असं समजायचं नाही, पण एवढं कळतं की व्होल्टेज साठपट उतरलं तरी प्रवाह उतरेलच असं नाही. कुत्र्याला काय जाणवतं ते ऊर्जा, स्पंदनांची संख्या, कालावधी या सगळ्यावर ठरतं.

आणि खरा धक्का पुढे. सर्वोच्च सेटिंगला, 50 किलोओहमवर, वेगवेगळ्या मॉडेलांनी दिलेली ऊर्जा 3.3 मिलिज्यूलपासून 287 मिलिज्यूलपर्यंत होती. सत्त्याऐंशी पट. म्हणजे एका कंपनीचा 'फुल' हा दुसऱ्या कंपनीच्या अगदी खालच्या पायरीइतका असू शकतो. "लेव्हल 40 वर ठेवा" हा सल्ला "चार चमचे घाला" इतकाही नेमका नाही, कारण इथे चमचा कुठला तेच माहीत नाही. जॉन्सन-विन यांच्या अनुभवी ट्रेनरच्या हातातली कॉलर आणि मामाने ऑनलाइन मागवलेली कॉलर यांना मी एकाच शब्दाने ओळखत होते, एवढंच त्यांच्यातलं साम्य.

(मोह होईल म्हणून सांगते: अशी कॉलर लॅबमध्ये नेऊन थेट ऑसिलोस्कोपला लावू नका. साध्या प्रोबला सहा हजार व्होल्ट झेपत नाहीत, आणि गाइडला समजावणं त्याहून अवघड.)

मग पट्टा कोणता?

मामाने शेवटी हाच प्रश्न विचारला, आणि तो टाळणं बरं दिसलं नसतं. साध्या पट्ट्याबद्दलही पुरावा काही निर्मळ नाही. कार्टर आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये नॉटिंगहॅम ट्रेंटमध्ये सात प्रकारचे पट्टे आणि एक सरकफास दोरी एका दंडगोलावर, मानेचं मॉडेल म्हणून, घालून ओढून बघितली: 40 न्यूटनची ओढ, 70 ची, आणि सरासरी 141 न्यूटनचा हिसका. मानेवरचा दाब 83 ते 832 किलोपास्कल. ओढणाऱ्या कुत्र्याला इजा होणारच नाही इतका कमी दाब देणारा एकही पट्टा त्यांना सापडला नाही, रुंद आणि गादीवालाही नाही. मॉडेलला श्वासनलिका नव्हती, कातडी नव्हती, ते हलतही नव्हतं, त्यामुळे हे आकडे खऱ्या मानेला जसेच्या तसे लावू नयेत. पण प्रकारांची तुलना करायला दंडगोल पुरतो. पॉली आणि सहकाऱ्यांचा 2006 चा अभ्यास खऱ्या कुत्र्यांवरचा आहे, 26 कुत्री: मानेच्या पट्ट्याने ओढल्यावर डोळ्यातला दाब वाढला, छातीच्या हार्नेसने ओढल्यावर लक्षणीय वाढला नाही.

म्हणून माझं मत असं, आणि हे मत आहे, निकाल नाही. मानेला साधा सपाट पट्टा, दोन बोटं आत जातील इतका सैल, त्यावर फोन नंबरची चकती. तो ओळखीपुरता. दोरी अडकवायची ती हार्नेसला. आवळत जाणारी चोक चेन आणि आत काटे असलेला पट्टा ओढणाऱ्या कुत्र्याला नकोच, कारण ओढण्याची सगळी शिक्षा अशा पट्ट्यांत मानेच्याच अरुंद भागावर पडते. पावसात पट्टा घरी आल्यावर काढायचा, मान कोरडी करायची. आणि करंटचा पट्टा? अनुभवी हातात, एखाद्या जिवावरच्या सवयीसाठी, त्याचा परिणाम होतो हे अ‍ॅरिझोनाने दाखवलंय आणि ते नाकारणं अप्रामाणिक होईल. पण ना एकक, ना वेळेवर बटण, ना मोकळं रान, अशा आपल्या रस्त्यावर मी तो कुणालाही सुचवणार नाही. कुणाकडे असेलच तर निदान दिवसभर घालून ठेवू नका. त्याच्या दोन धातूच्या टोकांखाली दाबाने जखम होते, हे बनवणारेच लिहितात.

कायद्याकडे बघून काही हाती लागत नाही. वेल्समध्ये 2010 पासून अशा कॉलरवर बंदी आहे. आपल्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गैरवाजवी आखूड किंवा जड साखळीने बांधणं गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये. तेवढ्यात स्टेशनवर दोन वडापावही येत नाहीत कधीकधी.

पोर्तुगालच्या व्हिएरा दी कास्त्रो आणि सहकाऱ्यांचा 2020 चा 92 कुत्र्यांचा अभ्यासही वाचा, विशेषतः 79 कुत्र्यांवर केलेली 'निराशावादा'ची चाचणी: एका जागी वाडग्यात नेहमी खाऊ, दुसऱ्या जागी नेहमी रिकामा, मग वाडगा मधेच ठेवला तर कुत्रं किती आशेने धावतं. दंडावर भर देणाऱ्या शाळांतली कुत्री हळू गेली. कल्पना सुंदर आहे. पण शाळा मालकांनी स्वतः निवडल्या होत्या, आणि कडक शाळा निवडणारा मालक घरीही कडक असू शकतो. हा दोष कसा काढता येईल, यावर एक पान लिहून बघा. प्रपोजलच्या मुलाखतीत नेमकं हेच विचारतात.

ब्रुनो आता बरा आहे. मामा सकाळी साडेपाचला, कुत्री कमी असताना, खिशात उकडलेल्या चिकनचे तुकडे घेऊन जातो. समोरचं कुत्रं लांब असतानाच एक तुकडा, मग वळायचं. तीन महिने झाले. ओढतो अजून, पण मामा पडत नाही. लिफ्टच्या दाराशी आता बसत नाही.

काल मामाने विचारलं, हार्नेसचा हुक पाठीवर असलेला घेऊ की छातीवर? मी म्हटलं, रविवारपर्यंत थांब. पेपर सापडलेत, अजून वाचून व्हायचेत.